पडद्याअलीकडे

राजश्री मिसाळ पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात चौदा वर्षं नर्स होती. ऊसतोडीहून परतलेल्या बायका डॉक्टरांपुढे मान खाली घालून बसायच्या, आणि इंजेक्शन घेताना तिच्या कानाशी सगळं सांगून टाकायच्या. नवऱ्याला, आईलाही न सांगितलेलं.

त्यातलीच एक सुंदरबाई, शिरूर कासारकडची. तिशीही उलटली नव्हती, तेवढ्यात एका खाजगी डॉक्टरनं गरज नसताना तिची गर्भपिशवी काढली. तिनं तक्रार केली आणि राजश्री साक्षीला उभी राहिली.

"तुम्ही डॉक्टर आहात?" समोरच्या वकिलानं विचारलं.

"नाही."

"मग गरज नव्हती हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

तिची साक्ष टिकली नाही. केस हरली. बाहेर पायरीवर सुंदरबाईच तिची समजूत काढत होती, "जाऊ द्या सिस्टर. तुमी आलात, लई झालं."

त्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, राजश्रीनं नोकरी सोडली आणि बीडला वकिलीला प्रवेश घेतला. नवरा आदिनाथ शाळेत मास्तर. तो एवढंच म्हणाला, "घर मी बघतो." वकील झाल्यावर तिनं अशा नऊ बायकांच्या केसेस जिंकल्या. सुंदरबाईची केस मात्र अपिलाची मुदत टळल्यानं पुन्हा उघडता आली नाही.

नाव झालं तसं पुढारी घरी येऊ लागले. परंपरा आणि कुटुंब यांच्या नावानं मतं मागणाऱ्या पक्षानं तिला तिकीट दिलं. तिलाही ते पटणारंच होतं. तिचा उपास कधी मोडला नव्हता, आणि कोर्टात तुटलेले संसार बघून घर टिकलं पाहिजे असं तिला मनापासून वाटायचं. "घरातलं घरात मिटवा," या तिच्या वाक्याला सभेत टाळ्या पडायच्या. ती आमदार झाली.

बायका आताही यायच्या. पदर सावरून उभ्या राहायच्या, अर्ज द्यायच्या, फोटो काढून घ्यायच्या. कानाशी मात्र कुणी येत नव्हतं. भाषण करता करता समोर एखादा पांढुरका, रक्त कमी असलेला चेहरा दिसला की तिची बोटं नाडी शोधल्यासारखी हलायची.

यंदा माघात सुंदरबाई ऑफिसात आली, सुनेच्या रेशनकार्डाचा अर्ज घेऊन. ती खुर्चीच्या कडेवर बसली. एक हात ओटीपोटाशी दाबलेला. राजश्रीनं स्वीय सहायक अभिमन्यूला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"सुंदरबाई, काय होतंय?"

"काय न्हाई ताईसाहेब. बरं हाय."

"मला सांग ना. पूर्वी सांगायचीस."

सुंदरबाई भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरींकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तवा तुमी सिस्टर होतात. आता तुमीच म्हणता, घरातलं घरात ऱ्हावं."

राजश्रीनं त्या दिवशीची बैठक रद्द केली, सुंदरबाईला स्वतःच्या गाडीत बसवलं आणि पाटोद्याच्या दवाखान्यात आणलं. नर्स नवी होती, पंचविशीची. तिनं सुंदरबाईला पडद्याआड घेतलं, पाठोपाठ निघालेल्या राजश्रीला अदबीनं थांबवलं.

"ताईसाहेब, तुम्ही बाहेर बसता का?"

बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. राजश्रीनं हाताला धरून त्यांना बसवलं, तरी त्या आक्रसून टोकाला सरकल्या. पडद्यामागून आधी नर्सचा आवाज आला, मग सुंदरबाईचा. शब्द कळत नव्हते. अडखळत, मग सलग, बराच वेळ ती बोलत होती. मधेच एकदा रडली, पुन्हा बोलू लागली. राजश्री त्या आवाजाकडे कान लावून बसली. उठून आत जावं, तिचा हात हातात घ्यावा, असं तिला इतकं वाटलं की तिनं बाकाची कड घट्ट धरली.

अर्ध्या तासानं नर्स बाहेर आली.

"औषधं दिलीत. चार दिवसांनी परत आणा."

"काय निघालं?"

नर्स घुटमळली. "कुणाला सांगू नका म्हणाल्यात त्या."

"बरोबर आहे," राजश्री म्हणाली. "सांगू नका."

सुंदरबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा निवळलेला होता. राजश्रीनं तिच्या हातातली औषधाची पिशवी घेतली. दोघी गाडीकडे चालू लागल्या.