बारावा खांब

येळवशीचा सण चार दिवसांवर आला होता, आणि जगदेवीने विहिरीच्या मोटारीची किल्ली पंचायतीत सरपंचाच्या टेबलावर आदळली. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, म्हणून उजव्या हाताने आदळली. दोन्ही हात धड असते तर टेबल राहिलं नसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

"घ्या अप्पा तुमची किल्ली. उद्यापसनं दुसऱ्या कुणाला लावा पाण्यावर."

आमचे सरपंच चंद्रप्पा खुर्चीत रेलून चहा पीत होते. दोन्ही पाय समोरच्या मोठ्या खोक्यावर. मी दाखल्यासाठी तिथं ताटकळत होतो. माझं रान जगदेवीच्या रानाला लागून, त्यामुळं तिच्या रागाचा वास मला लांबून येतो. मी खुर्ची जरा मागं घेतली.

गावाला पाणी सोडायचं काम कागदावर तिच्या नवऱ्याच्या, सुदामच्या नावानं आहे. सुदाम पुण्याला वॉचमन झाला आणि काम जगदेवीच्या गळ्यात पडलं. गावात पाण्याची टाकी आहे. एका दानशूर गृहस्थाने बांधून दिली. तिच्यात पाणी ठरत नाही, गृहस्थाचं नाव तेवढं ठरलंय. म्हणून मोटार चालू असेतोवर विहिरीचं पाणी थेट नळाला. मोटारीची लाईट एक हप्ता दिवसा येते आणि एक हप्ता रात्री दोन वाजता. रात्रीच्या हप्त्यात ही बाई एका हातात बॅटरी, एका हातात काठी घेऊन एकटी विहिरीवर जायची. गेल्या महिन्यात बांधावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. तशीच उठून तिने आधी मोटार चालू केली, मग रडली. सकाळी आमच्या घरी पाणी आलं तेव्हा मी मस्त आंघोळ केली. हे आठवलं की मला आजही लाज वाटते.

"जरा दमानं घे की जगदेवी," अप्पा म्हणाले. "शुक्रवारी पुण्याची कंपनी यायली. चाळीस माणसं, स्वतःच्या हातानं श्रमदान करणार. बारावा खांब देणारेत गावाला!"

"आधीचे अकरा काय करायलेत?"

अप्पांनी चहात लक्ष घातलं. आमच्या गावात कंपन्यांनी दिलेले सूर्यावर चालणाऱ्या दिव्यांचे अकरा खांब आहेत. प्रत्येकाला नारळ फुटला, फोटो निघाले, वर्ष-दीड वर्ष उजेड पडला आणि बॅटऱ्या मेल्या. आता एकावर चिमण्यांचं घरटं आहे, दोन खांबांच्या मधे धुणं वाळतं, आणि मारुतीसमोरच्या खांबाला म्हशी अंग घासतात. दर वेळी जगदेवी उठून सांगायची की दिवा नको, विहिरीला दिवसाची लाईट द्या. आणि दर वेळी कुणीतरी तिच्या हातात ओवाळणीचं ताट द्यायचं.

"धर्माची गाय अन् दात का न्हाय, असं करू नये माय," अप्पा म्हणाले. "मिळतंय ते घ्यावं."

"म्या दात कुटं मोजायले अप्पा? गाय दूध देती का न्हाई येवढंच इचारायले. अकरा गाई दारात अन् एक थेंब न्हाई." तिने खोक्याकडे बोट केलं. "आन् ह्या खोक्यात काय हाय, ठाव हाय ना?"

ठाऊक सगळ्यांनाच होतं. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीने शाळेच्या बागेसाठी उन्हावर चालणारा पंप दिला होता. त्याला लागणाऱ्या उन्हाच्या प्लेटा पुढच्या वर्षी देतो म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांना दुसरं गाव आवडलं. तेव्हापासून पंप अप्पांच्या पायाखाली होता.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अप्पा, शुक्रवारी तर येळवस हाय!"

"ठाव हाय रे किशन." अप्पांचा आवाज बारीक झाला. "फोनवर मॅडम इचारल्या, शुक्रवार चालंल का. म्या म्हणलो, हाव. कंपनीला न्हाई म्हणावं म्हणून तोंड उघडलो, पर निघालं हावच."

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, काय असते हे लातूर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्या दिवशी गावाला कुलूप. बाया डोक्यावर आंबिलीची बिंदगी, म्हणजे मडकं, घेऊन निघतात आणि अख्खं गाव रानात जातं. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायची, आत पाच दगडांचे पांडव पुजायचे, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील पोटाला तडस लागेपर्यंत खायची. आणि बांधावरून जाणारा माणूस, ओळखीचा असो वा नसो, जेवल्याशिवाय पुढं सोडायचा नाही. जो न जेवता जाईल तो आमचा वैरी.

शुक्रवारी दहा वाजता बस आली, तेव्हा तिच्या स्वागताला गावात एक लंगडं कुत्रं होतं. अप्पांनी मला वेशीत उभं केलं होतं आणि स्वतः पांडव पुजायला गेले होते. चाळीस पोरं-पोरी उतरली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टीशर्ट, डोक्यावर एकसारख्या टोप्या. बरोबर एक खांब, एक शिडी, वायरचं भेंडोळं आणि आठ फूट बाय चार फुटाचा बोर्ड. बोर्डावर कंपनीचं नाव एवढं मोठं की गावाचं नाव लिहायला कोपरा उरला होता.

त्यांच्या प्रमुख सुकन्या मॅडम. चाळिशीच्या, चेहऱ्यावर झोप कमी झाल्याची कळा. "गावात कोणीच कसं नाही?"

मी येळवस सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. मग कळलं की त्यांच्याकडे प्रत्येक माणसाला वर्षात आठ तास पुण्य करावं लागतं, मोबाईलमध्ये त्याची नोंद होते, आणि वर्ष संपायला बारा दिवस उरले होते. पुण्याची मुदत असते हे मला त्या दिवशी समजलं.

"खड्डा खणलाय का? सिमेंट?"

"सिमेंट पंचायतीत हाय. पंचायतीला कुलूप. किल्ली अप्पांच्या कमरंला. अप्पा रानात."

मग काय, निघालो सगळे रानात. आणि इथं कंपनीचा अंदाज चुकला. अप्पांचं रान वेशीपासून अर्धा कोस. मधे सात कोपी. पहिल्या कोपीतून अयोध्याकाकूने हाक मारली, "कुटं जायलाव रं लेकरांनो? या, आंबील प्या!" मॅडम म्हणाल्या, आम्हाला उशीर होतोय. काकूने कमरेवर हात ठेवले. "उशीर? येळवशीला?" पाच पोरं तिथं गेली. पुढच्या कोपीने सहा ओढली. जोंधळ्यातून फक्त हिरव्या टोप्या दिसायच्या आणि एकेक नाहीशी व्हायची. जगदेवीच्या कोपीपर्यंत पोचलो तेव्हा आम्ही तिघं उरलो. मी, मॅडम, आणि अमरेश नावाचा एक इंजिनियर.

जगदेवीने एका हाताने भज्जी वाढली. अमरेशने पहिला घास घेतला आणि बोलायचा थांबला. आंबिलीच्या तिसऱ्या पेल्यानंतर त्याने बुटं काढली.

"तुमी विजेचे इंजिनियर ना?" जगदेवीने विचारलं.

"आहे तसा," अमरेश म्हणाला. "पण आठ वर्षं झाली, वायरला हात लावलेला नाही. मी ऑफिसात तक्ते भरतो."

"बॅटरी मेली म्हणून वरची प्लेट मरती का हो?"

"नाही. प्लेट वीस-पंचवीस वर्षं चालते."

"मग अकरा प्लेटा एकीला एक जोडल्या, तर खोक्यातला पंप उन्हावर चालंल का न्हाई?"

अमरेशने पेला खाली ठेवला. काडी घेऊन तो मातीत आकडे लिहू लागला, पुसू लागला, परत लिहू लागला. जगदेवी त्याच्या डोक्यावर उभी. मी तिचा चेहरा पाहिला. चार वर्षं हा प्रश्न तिने मनात घोळवला होता आणि विचारायला माणूस मिळाला नव्हता.

"चालेल," तो म्हणाला. "दुपारी तर झकास चालेल."

सुकन्या मॅडमनी मान हलवली. "ताई, मला समजतंय. पण आम्हाला नवीन खांबाची मंजुरी आहे. माझ्या नोंदीत दुरुस्ती असा रकानाच नाही. चाळीस जणांचे आठ तास फुकट जातील."

जगदेवीने भज्जीचा डाव खाली ठेवला. मग प्लास्टरचा हात पुढं करून म्हणाली, "मॅडम, आज येळवस हाय. आमी कुत्र्यामांजराला उपाशी ठेवत न्हाई. तुमचा रकाना तेवढा एक दिस उपाशी राहिला तर मरंल का?"

मला हसू आलं, ते मी आंबिलीत बुडवलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या हाताकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "मोडला कसा?" जगदेवीने सांगितलं. रडगाणं न लावता सांगितलं, बांध, दव, दोन वाजता, एवढंच.

तेवढ्यात अप्पा नारळ आणि हार घेऊन धापा टाकत आले. प्लेटा काढायच्या म्हटल्यावर ते लालबुंद झाले. "अजिबात न्हाई! दात्यांची नावं हायत त्याच्यावर. गावाची अब्रू हाय. अकराच्या अकरा दिवे झकास चालू हायत, मॅडम."

"त्यातले तीन आमच्याच कंपनीचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "मीच अहवालात चालू असं लिहिलंय. चला, बघू."

चिमण्यांचं घरटं होतं तो खांब त्यांचाच निघाला. त्या वर मान करून बराच वेळ उभ्या होत्या. घरट्यातून एक काडी त्यांच्या टोपीवर पडली. मग त्यांनी फोन खिशात घातला आणि म्हणाल्या, "सरपंच, पंचायतीची किल्ली द्या."

"पर मॅडम, धर्माची गाय..."

"गाय आमचीच आहे. भाकड निघाली."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. किल्ली कमरेची सुटली.

पुढचे चार तास आमच्या गावाने जे पाहिलं ते कुठल्याच उद्घाटनात पाहिलं नव्हतं. कोपीकोपीतून आंबिलीने जड झालेली पोरं उठवून आणली. दोघं उठलीच नाहीत, त्यांना ज्वारीतच राहू दिलं. कंपनीची शिडी खांबाला लागली. घरट्याचा खांब जगदेवीने सोडायला लावला, म्हणाली, "तेवढा एक कामाला येतोय." एक प्लेट तडकलेली निघाली. उरल्या नऊ, आणि बाराव्या खांबाची नवीकोरी धरून दहा. ज्या पोरांनी जन्मात पान्हा धरला नव्हता, त्यांना जगदेवी सांगत होती, "उलटा फिरवायलास बाबा, तसा घट्ट व्हतोय." खोकं उघडलं तर वर अप्पांच्या टाचांचे खळगे आणि आत पंप नवरीसारखा गुंडाळलेला.

प्लेटा बसवायच्या कशावर, इथं सगळं अडलं. लोखंडी सांगाडा कुठून आणायचा? अमरेश म्हणाला, दक्षिणेला तोंड पाहिजे आणि उतार पाहिजे. जगदेवीने विहिरीजवळच्या माझ्या जुन्या बैलगाडीकडे पाहिलं. जू जमिनीला टेकून गाडी उभी होती, पुढं उतरती, अगदी अमरेशच्या काडीने आखल्यासारखी.

"किशनभाऊ, गाडी द्या."

"अगं माझ्या बापाची हाय ती!"

"बापानं आंघोळ केली व्हती का न्हाई कधी?"

गेली गाडी. उलट तिच्यात एक फायदा निघाला. सकाळी तोंड उगवतीला, दुपारी दक्षिणेला, संध्याकाळी मावळतीला. जू धरून दोन माणसांनी फिरवली की झालं. अमरेश म्हणाला, शहरात असं फिरणारं यंत्र बसवायला फार खटाटोप करावा लागतो. मी माझ्या बापाचा फार अभिमान बाळगला.

साडेतीन वाजता अमरेशने शेवटची वायर जोडली. बटण जगदेवीने दाबायचं ठरलं. अप्पा हार घेऊन पुढं सरसावले, पण ओवाळणीचं ताट कुणी आणलंच नव्हतं. तिने बटण दाबलं. पाइपाने दोनदा ढेकर दिली, गढूळ पिचकारी मारली आणि मग पाणी आलं. मनगटाएवढी धार, भर उन्हात. पोरांनी ओरडा केला. जगदेवी धारेखाली उजवा हात धरून उभी राहिली आणि रडली. या वेळी रडून झाल्यावर तिला अंधारातून एकटीने घरी यायचं नव्हतं.

कंपनीचा तो बोर्ड वाया गेला नाही. पंपाच्या पेटीवर त्याचं छप्पर झालं. अक्षरं खालच्या बाजूला, पेटी उघडून वर बघणाऱ्यालाच दिसतील. दिवसाचं पाणी सोडायचं काम जगदेवीने पुन्हा हातात घेतलं, जुन्या मोटारीची किल्ली अप्पांकडंच राहिली. प्लेटा गेलेल्या खांबांना बाया दोऱ्या ताणून धुणं घालतात. सुकन्या मॅडमचा आठ दिवसांनी फोन आला. चाळीस जणांचे तास धरले नाहीत, मॅडमला वरून लेखी खुलासा मागितला, आणि त्या चाळीस जणांनी पुढच्या येळवशीची रजा आताच टाकली आहे.

अप्पा मात्र खूश नव्हते. महिन्याने एके दिवशी ते विहिरीवर आले. जगदेवीचं प्लास्टर निघालं होतं. ती आणि मी गाडी दक्षिणेला वळवत होतो.

"जगदेवी, लोकं कुरकुर करायलेत," अप्पा म्हणाले. "तू अकरा वाजता पाणी सोडतीस. त्या टायमाला सगळे रानात. रात्रीचं बरं व्हतं. माणूस घरी असतंय, आरामात भरून घेतंय."

जगदेवीने जू खाली ठेवलं. पेटीच्या मागून रात्रीची जुनी हातबॅटरी काढली, काठी काढली, दोन्हींवरची धूळ पदराने पुसली आणि अप्पांच्या हातात दिली.

"जुनी मोटार हाय तितंच हाय, अप्पा. ह्या हप्त्याला रातची लाईट दोनला येती," ती म्हणाली. "तेवढं बांधावर सांभाळून जावा."