घोट्याला बांधलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण मला पाय नाहीत. मी पाठीवर घ्यायची खुर्ची. ज्यांना डोंगर चढवत नाही अशा यात्रेकरूंना माझ्यात बसवायचं, माझे पट्टे खांद्यांवर घ्यायचे आणि वर गुहेतल्या देवापर्यंत न्यायचं, असा हा धंदा. म्हणजे मी सगळा जन्म दुसऱ्याच्या पायांनी चालले. हल्ली मी गुहेच्या तोंडाशी, चहाच्या टपरीत असते. माझ्यावर रिकामी पातेली ठेवतात.

मला घडवणारा सुतार भारी हट्टी होता. "वजन माणसाचं असू दे, खुर्चीचं नको," म्हणत तो मला तासतच राहिला. शेवटी माझी हाडं तेवढी उरली. बैठक वेताची, पाय टेकायला एक आडवी फळी आणि दोन रुंद पट्टे. माझ्यात बसणाऱ्याची पाठ उचलणाऱ्याच्या पाठीकडे असते. त्यामुळे चढताना उचलणाऱ्याला पुढची वाट दिसते आणि बसणाऱ्याला मागे पडलेली. गुहा मला फक्त उतरताना दिसायची, लांब लांब जाताना.

माझा मालक बोलायला कमी आणि चालायला संथ. बाकीचे खुर्चीवाले त्याला धिम्या म्हणत. "धिम्या आत्ताच निघालाय ना, मग आपली अजून एक झोप होते," अशी त्याची थट्टा चाले. पण त्याच्या पाठीवर कुणाला कधी हिसका बसला नाही. पट्टा घासून घासून त्याच्या उजव्या खांद्याची कातडी मेली होती. एकदा टपरीवरच्या चहावालीच्या हातून तिथे कढत चहा सांडला. सदरा कसा भिजला म्हणून यानं आभाळाकडे पाहिलं. सगळे पोट धरून हसले. तोही हसला.

माझं कौतुकही पुष्कळ झालं. दर्शन घेऊन बाहेर आलेल्या आज्या माझ्यावरून हात फिरवत, धिम्याला तोंड भरून आशीर्वाद देत. पण तो स्वतः कधी आत गेला नव्हता. खुर्चीवाले आत जातच नसत. बसलेल्याला दारात उतरवायचं, तिथून सेवेकरी हात धरून आत नेणार आणि आपण बाहेर खुर्चीपाशी थांबायचं. गर्दीत खुर्ची गेली म्हणजे पोटच गेलं. धिम्या तर माझा पट्टा स्वतःच्या घोट्याला गुंडाळायचा, भिंतीला टेकायचा आणि डोळे मिटायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याची आई डोंगराच्या पायथ्याशी राहायची. धिम्या तान्हा असताना तापानं फणफणला होता, हाती लागेल असं वाटत नव्हतं. तेव्हा ती गुहेतल्या देवाला बोलली होती, "हा जगू दे. याला घेऊन तुझ्यापुढे उभी राहीन." पोर जगलं, वाढलं, खुर्चीवाला झालं, पण तिचं बोलणं तसंच राहिलं. आधी कामांतून सवड नव्हती, मग गुडघे गेले.

"लोकांच्या आया वर नेतोस. माझी पाळी कधी रे?" ती विचारायची.

"नेतो ना. एवढा हंगाम सरू दे."

हंगाम सरला की वाट बर्फाखाली जायची. असे कितीतरी हंगाम गेले.

एका वर्षी मात्र हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी त्यानं आईला माझ्यात बसवलं. एवढं हलकं माणूस माझ्यात कधी बसलं नव्हतं. मागे पडणाऱ्या वाटेकडे बघत ती अखंड बोलत होती आणि तो पुढे बघून हं हं करत होता.

"दोघांनी मिळून उभं राहायचं बरं का. बोलायचं ते मी बोलेन, तू नुसते हात जोड. तुला मेल्या काही बोलता यायचं नाही."

"हं."

गुहेच्या दारात त्यानं आईला अलगद उतरवलं. सेवेकऱ्यानं तिचा हात धरला, ती आत गेली. आणि धिम्यानं रोज करायचा तेच केलं. माझा पट्टा घोट्याला गुंडाळला, भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले. त्यात विचार नव्हता, नुसती सवय होती. मित्रांनो, माझ्या काळजात चर्र झालं असं मी म्हणायला हवं. पण खरं सांगते, मलाही काही वाटलं नाही. आणखी एक आजी आत गेली, एवढंच.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. सगळ्यांत शेवटी, एकटी. तिच्यामागे पुजाऱ्यानं लोखंडी दार ओढलं आणि कुलूप लावलं. आता ते बर्फ वितळल्यावरच उघडणार होतं.

"किती थांबले मी आत," ती म्हणाली. "मागच्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, माझा मुलगा येतोय. सगळे होऊन गेले. तू कुठे होतास?"

धिम्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग घोट्याकडे.

"खुर्ची होती ना, आई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती "बरं" म्हणाली आणि माझ्यात बसली.

उतरताना मला दिसायची तशी तिलाही गुहा दिसत होती. तो खाली पायऱ्यांकडे बघत होता.

"दिसतंय रे अजून दार. जरा मागे वळून बघ. इथूनच दोघं हात जोडू."

"उतारावर वळत नाहीत आई. तोल जातो."

"बरं. पुढच्या वर्षी मग."

बर्फ वितळायच्या आत ती गेली. तसं विशेष आजारपण नव्हतं, झोपेतच गेली. धिम्या रडताना मला दिसला नाही. मी दाराआड टांगलेली होते.

हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी कुणा आजोबांना दारात उतरवून तो माझ्यापाशी बसला. चहावालीनं हातातली गाळणी खाली ठेवली. "अरे, आज तरी जाऊन ये आत. मी बघते खुर्चीकडे."

"आता कशाला?" तो म्हणाला. "मला घेऊन जायचं ती बोलली होती. नेणारीच गेली."

आणि त्यानं पट्टा घोट्याला गुंडाळला.

पुढे खांद्याचं ते बधिरपण हातात उतरलं. एकदा पट्टा हातातून सुटला तो त्याला कळलाच नाही. नशिबानं मी रिकामी होते. त्यानं मला टपरीत ठेवलं आणि तो खाली गेला. परत आला नाही. माझा वेत उसवलाय. मला त्याची खंत नाही. बऱ्याच गोष्टींची हल्ली वाटत नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी ते सांगणार नाही. मला फार जपलं गेलंय. मी एवढंच सांगते, आत कुणी तुमच्यासाठी थांबलं असेल, तर हातातलं असेल ते तिथेच टाका आणि जा. त्या दिवशी मी चोरीला गेले असते, तर एक खुर्चीच गेली असती.