उघडी राहिलेली काच

काकांनी चष्मा शर्टाला पुसला आणि पडद्यावर नव्या नोंदीपुढची वेळ पुन्हा वाचली. अकरा वाजून चौदा मिनिटं.

भोवती नुसता जल्लोष चालला होता. आजवर कुणी न पाहिलेल्या जड मूलद्रव्यासाठी चार महिने एका पातळ पत्र्यावर किरणांचा मारा चालू होता, आणि हाती लागला होता एकच अणू. एकावर कुणी विश्वास ठेवत नाही. आज दुसरा सापडला, तोही शेवटच्या दिवशी. संध्याकाळी सहाला यंत्र दुसऱ्यांकडे जाणार होतं आणि महिनाअखेर प्रयोगाच्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या. तीस वर्षं त्यांनी याच अणूचा ध्यास घेतला होता.

काका पंप सांभाळायचे. सकाळी अकराला भिंतीआडच्या पेटीच्या काचेवरचं झाकण काढून त्यांनी टॉर्चने आत पाहिलं होतं, आणि झाकण परत लावायचं वीस मिनिटं विसरले होते. आतल्या, अणू टिपणाऱ्या सिलिकॉनच्या तबकडीला गच्च काळोख लागतो. जरा उजेड शिरला की ती अणू आदळल्याचे खोटे ठोकेही नोंदवते. काच उघडी होती हे एकट्या काकांना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बाई," ते म्हणाले, "सकाळी माझ्याकडून काच उघडी राहिली. अकरा ते अकरा वीस."

बाईंनी वळून पडद्यावरची वेळ पाहिली.

"उजेडाने एवढे मोठे ठोके येत नाहीत हो!" बाईंचा सहकारी कळवळून म्हणाला. "अणू खराच असणार."

"असेलही," बाई म्हणाल्या. "पण मला 'असेल' नकोय, 'आहे' हवंय."

त्यांनी वही ओढली आणि सरळ रेघ मारून नोंद खोडली. काकांना तिकडे बघवेना. धन्य या बाईची, असं त्यांच्या मनात आलं. शेजारी बाईंनी कारण लिहिलं: काच उघडी. कुणाची चूक, ते लिहिलंच नाही.

काकांनी पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.

"याची काही गरज नव्हती, काका."

"मग तुम्हाला तरी खोडायची काय गरज होती?"

बाई हसल्या. "किती वाजले?"

"साडेबारा."

"म्हणजे अजून साडेपाच तास आहेत." त्यांनी खुर्ची पडद्यासमोर ओढली.

काका पेटीपाशी गेले. झाकण घट्ट बसलेलं होतं. तरी त्यांनी स्टूल ओढलं आणि सहा वाजेपर्यंत ते झाकणावर हात ठेवून बसून राहिले.