भिंतीतली अळंबी

“बाळ झोपतं त्या खोलीत अळंबी वाळत घालू नकोस,” तियानाने बजावलं होतं. तियाना नेवेनाची कॉलेजातली मैत्रीण, बेलग्रेडहून बाळ बघायला आलेली. “ओल सुटते. भिंतीला बुरशी धरेल.”

नेवेना हसली होती. “धरू दे की! अळंबी तरी कोण आहे? बुरशीचीच सख्खी बहीण. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय, कुणाचं काय बिघडलं?”

बाळ, म्हणजे लेना, होण्याआधी ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. पावावरची हिरवी बुरशी, पीठ फुगवणारं यीस्ट, बीचच्या झाडाखालची अळंबी ही सगळी कवकांच्या एकाच सृष्टीतली, असं फळ्यावर काढून दाखवायची. त्यामुळे भिंतीवर चार ठिपके उठले तर घाबरायचं काय, असं तिला तेव्हा वाटलं.

शरद ऋतूत सासूबाई, रादोयका, रोज डोंगरावर जायच्या आणि टोपली भरून आणायच्या. घरातला चांगला तापणारा हीटर एकच, लेनाच्या खोलीतला. त्याच्यावर दोऱ्यात ओवलेल्या अळंबीच्या चकत्या लटकायच्या, खाली दुपटी वाळायची. खिडक्या बंद. समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून घुसणारा वारा म्हणजे त्या गावात साक्षात यम. भर उन्हाळ्यात बसची खिडकी कुणी उघडली तरी चार म्हाताऱ्या ओरडतात.

थंडी पडली आणि लेना खोकायला लागली. पाळण्यामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले होते. नेवेनाने व्हिनेगरने पुसले. पुन्हा आले. पुन्हा पुसले.

“आई, जरा खिडकी उघडूया का?”

“उघड की! आणि पोरीला न्यूमोनिया झाला की रास्त्कोला फोनही तूच कर. सांग, तुझ्या बायकोने हौसेने वारा घेतला आत.”

रास्त्को, तिचा नवरा, ट्रक घेऊन ऑस्ट्रियाच्या वाटेवर असायचा. त्याला काय सांगणार? नेवेनाने खिडकी उघडली नाही. पोरीच्या बरगड्यांमध्ये श्वासागणिक खड्डा पडतोय, हे ती बघत होती. दुसऱ्याच कुणाचं मूल बघावं तसं. काळजीचं ओझं इतकं झालं होतं की आत काही हलायचंच बंद झालं होतं.

एका दुपारी ती भिंत पुसत होती. रादोयका खाटेवर बसून चकत्या ओवत होत्या.

“तुझी ती बेलग्रेडची मैत्रीण,” त्या म्हणाल्या, “जंगलात नेली तर अळंबी मुळा उपटावा तशी उपटत होती! अगं, हलकेच पिरगळायची. वरचं घ्यायचं, खाली हात लावायचा नाही. मग पुढच्या वर्षी तिथेच हजर.”

नेवेनाचा फडका थांबला. हे तर तिनेच वर्गात शिकवलं होतं. अळंबी म्हणजे नुसतं फळ. खरा जीव जमिनीखाली, पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्यात. बुरशीचंही तेच. डोळ्यांना दिसतो तो बहर, धागे आत. इतके दिवस ती भिंत साफ करत नव्हती, तोडणी करत होती.

तिने नखाने रंग खरवडला. पापुद्रा सुटून आला, मागे चुना भुसभुशीत झालेला, करड्या तंतूंनी विणलेला. तिने पापुद्रा खिशात टाकला, लेनाला कोटात गुंडाळलं आणि इस्पितळ गाठलं.

“आता तर सरळ वाऱ्यातच घेऊन चालली!” मागून रादोयका ओरडल्या.

इस्पितळात पोरीला वाफ दिली, नळ्या लावल्या. डॉक्टरीणबाईंनी तो पापुद्रा बघितला आणि एवढंच म्हणाल्या, “त्या खोलीत परत नेऊ नका.”

नेवेना सामान घ्यायला घरी आली. लेनाला घेऊन नोव्ही साद शहरात आपल्या वडिलांकडे जायचं तिने ठरवलं होतं.

“आई, तुम्हीही चला. निदान त्या खोलीत पाऊल टाकू नका.”

“भिंतीने कधी कुणी मेलंय का? उलट खोली रिकामी झाली, बरंच झालं. माझा पलंग तिथे सरकव. माझ्या खोलीत गारठा मरणाचा.”

नेवेना पोरीचे मोजे जोडीजोडीने घडी करत होती. “बरं,” ती म्हणाली. पलंगाचं एक टोक तिनेच धरलं.

लेना आता बरी आहे. नेवेना पुन्हापुन्हा तिच्या छातीला कान लावते. आत शांत असतं. आनंद व्हायला हवा, हे तिला कळतं.

सासूबाईंना फोन केला की शब्दांच्या मधे बारीक शिट्टी ऐकू यायची. “ती होय? किटली आहे गं,” त्या म्हणायच्या. आता फोन नुसता वाजत राहतो. शेजारच्या घराला कुलूप आहे, रास्त्को सीमेवरच्या रांगेत अडकलाय, आणि लेनाला घेऊन तिकडे जायला डॉक्टरीणबाईंनी मनाई केलीय.

म्हणून नेवेना भेटेल त्याला सांगते, तसंच तुम्हालाही सांगते आहे. त्या बाजूने जाणार असाल तर नदीकाठच्या पिवळ्या इमारतीत जा. दुसरा मजला, दारावर ‘रादोयका’ लिहिलंय. बेल बिघडलीय, दार ठोका. खोकला आहे का, असं विचारू नका, नाहीच म्हणतील. आत जाऊन बसा, त्यांना बोलतं करा, आणि श्वास तेवढा ऐका.