वीणेकऱ्याची धाव

नामसप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. सप्ताह उठेपर्यंत ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते, आणि ज्याच्या गळ्यात असते तो उभा असतो. पहारा संपला की पुढचा वीणेकरी समोर येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तिथे थोरला-धाकटा कुणी पाहत नाही. म्हैसूरच्या आपल्या विठ्ठलमंदिरात पहाटेचा पहारा वर्षानुवर्षं वेंकटरमण शिंप्यांचा. दिवसभर मशीनवर वाकलेला माणूस, पण वीणा गळ्यात आली की देवळाच्या खांबासारखा ताठ.

दोन वर्षांमागे त्यांची लेक पूजिता डेंग्यूनं गेली. कॉलेजात धावणारी, वाऱ्यासारखी पोर. त्या साली सप्ताहात वेंकटरमणांनी वीणा घेतली ती दिलीच नाही. पुढचा आला, पाया पडला, वाट बघून गेला. त्याच्या पुढचाही गेला. यांचे डोळे मिटलेले, बोटं तारेवर. दुपारी भोवळ आली, तेव्हा भजनी मंडळातल्या शंभूरावांनी आधी वीणा झेलली, मग माणूस. त्यानंतर त्यांना वीणा कुणी दिली नाही आणि त्यांनीही मागितली नाही.

यंदा पूजिताच्या मैत्रिणींनी तिच्या आठवणीत खेळांचा दिवस करायचं ठरवलं. पैसे नकोत, येणाऱ्यानं धावायच्या बुटांची नवी जोडी आणायची, ती सरकारी शाळेतल्या मुलींना. शेवटी रिले. सगळ्यांत पुढं होती सिंचना, पूजिताच्या संघातली शेवटचा टप्पा धावणारी. ती घरी आली ती बॅटन मागायला. पूजिताच्या सरावाची लाल लाकडी बॅटन देवघरात टाळांशेजारी होती. वेंकटरमण रोज तिला बुक्का लावत.

"मामा, तीच हवी. रेस झाली की शाळेच्या मुलींना देणार. त्यांना प्रॅक्टिसला."

वेंकटरमणांनी देवघराकडे पाहिलं. "तिसरा टप्पा पूजिताचा. तो कोण धावतंय?"

"कोणी नाही अजून."

"मग मी धावतो."

सुमित्राबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अय्यो! ह्यांचे गुडघे ठाऊक आहेत का तुला? जिना चढताना विठ्ठल विठ्ठल, उतरताना रखुमाई!"

सिंचना हसत हसत गेली. मग सुमित्राबाई हळूच म्हणाल्या, "धावाल हो तुम्ही. पण द्याल का?"



सरावाला पहिल्याच दिवशी घोटाळा. धापा टाकत सिंचनापाशी पोहोचले, थांबले, आणि वाकून तिच्या पाया पडले. पोरगी किंचाळून मागं उडाली.

"मामा! काय करताय हे?"

"देताना पाया पडायचं असतं."

"इथं नाही! मी पुढं बघून पळत असते, हात मागं. तुम्ही हातात ठेवायचं, अष्टे, एवढंच."

"देणाऱ्याचं तोंडही बघायचं नाही?"

"बघितलं की टाइम जातो, मामा."

त्यांनी मान डोलावली. पण तोंड न बघता देणं काही त्यांच्या मनाला पटेना.

खेळांच्या रविवारी नजरबादेजवळच्या मैदानावर बुटांच्या खोक्यांची रास लागली. वेंकटरमण स्वतः शिवलेली अर्धी पँट घालून उभे. कडेला भजनी मंडळी बसलेली. शंभूराव ओरडले, "वेंकट, फाटलास तर टाका आम्ही घालणार नाही हां!"

शिट्टी झाली. पहिल्या दोघींनी सगळ्यांना मागं टाकलं आणि बॅटन वेंकटरमणांच्या हाती आली. ते निघाले. लाकूड कोमट होतं. एकेक जण त्यांना ओलांडून गेला, लोक हसले, मग हसायचे थांबले. पुढं सिंचनाचा मागं पसरलेला हात दिसत होता. उघडा तळवा.

त्यांनी बॅटन त्या हातात ठेवली. पण सोडली नाही.

सिंचनाला ओढ जाणवली. बाकीच्या मुली केव्हाच पुढं गेल्या होत्या. कुणी "ओडु! ओडु!" ओरडून तिला धावायला सांगत होतं. तिनं एकदाही हिसका दिला नाही. ती सावकाश मागं वळली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "पूजिताचा पहारा झाला."

वेंकटरमणांनी तिचं तोंड नीट बघून घेतलं. मग ते वाकले, तिच्या पायांकडे. तीही त्याच क्षणी वाकली आणि दोघांची डोकी खणकन आपटली. साऱ्या मैदानानं "अय्यो!" केलं. कपाळ चोळत दोघं उभी राहिली तेव्हा बॅटन सिंचनाच्या हातात होती. तळव्याला बुक्का माखला होता. ती धावली. सगळ्यांत शेवटी पोहोचली आणि तिथंच एका लहानग्या मुलीच्या हातात तिनं बॅटन दिली. ती पोर बॅटन घेऊन उगाचच मैदानभर धावत सुटली.

वेंकटरमणांना हातांचं काय करावं कळेना. मग ते टाळ्या वाजवू लागले. आधी तशाच, मग ठेक्यात. भजनी मंडळींनी तोच ठेका उचलला, आणि पोर त्या ठेक्यावर धावू लागली.

शंभूराव शेजारी येऊन उभे राहिले. "यंदा सप्ताहात पहाटेला कुणाचं नाव घालू रे?"

"माझं घाल," वेंकटरमण म्हणाले. त्यांची नजर अजून त्या पोरीवर होती. "पण पुढच्याला वेळेवर यायला सांग. ताटकळत ठेवू नका मला."