बांधावरचा परका ठोंब

जहाजातून परदेशी वाटाणा उतरला की धक्क्यावर सांडलेला माल झाडायचं काम माझं. झाडलेला कचरा मी घरी आणते आणि भाताच्या बांधावर कोंबड्यांपुढं टाकते. वाटाण्याबरोबर कसलंकसलं बारीक बी येतं. कोंबड्या सगळं टिपतात, असं मी समजत होते. तिथंच चुकले.

श्रावणात बांधावर गवताचा एक ठोंब उगवला. चाळीस वर्षं भातातलं तण बेणलंय मी, शेतातलं प्रत्येक गवत ओळखते. हे ओळखीचं नव्हतं. शेळीनंसुद्धा हुंगून तोंड फिरवलं.

माझ्या लेकीनं, प्रांजलीनं, त्याचा फोटो तिच्या कॉलेजातल्या मैथिली मॅडमना पाठवला. गणपती झाल्यावर मॅडम अलिबागहून आल्या आणि भिंग लावून तासभर चिखलात बसल्या.

"चंदाबाई, हे आपल्याकडं फार दुर्मिळ आहे! भोवती कुंपण घाला. बी धरू दे त्याला."

माझं डोकंच फिरलं. "कुंपण? पलीकडं माझं भात पोटरीला आलंय. याचं बी शेतात पडलं, तर पुढच्या साली बेणायला तुम्ही येणार?"

"अहो, पण असं दुसरं मिळायचं नाही!"

मी वाकले, ठोंब मुळासकट उपटला, माती झटकली आणि त्यांच्या हातात दिला.

"न्या, वहीत दाबून ठेवा. दुर्मिळ हाय तोवरच उपटायचं असतं, मॅडम."