फळ्यावरचा तिसरा रकाना

फळ्यावर चौथ्यांदा आपलं नाव दिसलं तेव्हा धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. नाव म्हणजे काय, 'धाकटी' एवढंच. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिला दुसऱ्या नावाने हाक मारायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. फळा आणला होता थोरल्या दिरांनी. कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी गाळ्याच्या भिंतीवर फळा टांगला गेला. त्यावर तीन रकाने: तारीख, बिघाड, कोणामुळे. पहिले दोन भरायला निदान डोळे उघडे ठेवावे लागतात. तिसरा भरायला तेवढीही गरज नव्हती, कारण धाकटी होतीच.

गाळा घराच्या खालीच होता. दुकानांच्या पाट्या करायचा धंदा. अक्षरं कापायचं यंत्र धाकटीने चार महिने खपून स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. त्यात तीन मोटरी, आणि प्रत्येक मोटरीला मोजून मापून वीज देणारं तळहाताएवढं एकेक कार्ड. त्या कार्डाला ड्रायव्हर म्हणतात. मोटरीने किती पावलं टाकायची, कुठे थांबायचं, सगळं त्याच्या हातात. दोन महिन्यांत असे चार ड्रायव्हर जळाले होते, चारही मधल्या मोटरीचे.

"सोमवारपासून बाहेरचा माणूस यंत्र बघेल," भाऊजी म्हणाले. "तू पॅकिंगला बस. तिथे जळण्यासारखं काही नसतं."

नवरा शिडी काढत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने शिडीकडे पाहिलं.

जणू तिने सांगितलंच नव्हतं. यंत्र सुरू झालं त्याच दिवशी तिने घसा कोरडा करून सांगितलं होतं की वीज चालू असताना मोटरीचा प्लग ओढायचा नाही, ड्रायव्हर मरतो. भिंतीवरच्या खिळ्याला तसा ठळक कागदही अडकवला होता. चार दिवसांत भाऊजींनी त्याच खिळ्यावर कॅलेंडर लटकवलं आणि कागद त्याच्यामागे गेला. मग तिने स्क्रूने आवळून बसणारे प्लग मागितले, म्हणजे सहज हात लावून कोणाला काढता येणार नाहीत. भाऊजी हसले होते. "प्लगला स्क्रू? उद्या चमच्याला कुलूप मागशील."

आता पॅकिंग. स्वतः जन्माला घातलेल्या यंत्राकडे पाठ करून खोक्यांना चिकटपट्टी लावत बसायचं. ती रात्री धड जेवली नाही, आणि जेवली नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचाही तिला राग आला.

पण राग आला की धाकटीचं डोकं बंद पडत नसे, उलट चालायला लागे. चारही ड्रायव्हर दुपारी मेले होते. जेवायला वर जाताना ठणठणीत, खाली येऊन पाहावं तर गार. शनिवारी तिने उरलेला शेवटचा ड्रायव्हर बसवला, यंत्र चालू ठेवलं, आणि सगळे वर गेल्यावर उभ्या रचलेल्या प्लास्टिकच्या तावांमागे जाऊन थांबली.

आले ते सासरे. बाबांचं जेवण सगळ्यांच्या आधी व्हायचं आणि दुपारची डुलकी गाळ्यातल्या बाकावर. मधली मोटर नेमकी त्यांच्या उशाशी. मोटर उभी होती आणि बारीक गुणगुणत होती. बाबांनी तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवला.

"तापलीस की गं," ते म्हणाले, आणि त्यांनी प्लग ओढला. गुणगुण थांबली. बाबा आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. बाबांनी चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढली होती. तिथे उभ्याने गुणगुणणारी आणि तापणारी मोटर म्हणजे जळायला आलेली मोटर. ती सोडवणं हे पुण्याचं काम. ही मोटर मात्र उभी असतानाही आपली जागा धरून ठेवते, म्हणून गुणगुणते, म्हणून तापते. तिचा तो स्वभावच. म्हातारा रोज जीव लावून मोटर वाचवत होता आणि ड्रायव्हर मारत होता. बरं, दरवेळी मरत नाही, कधी वाचतो. आणि उठताना प्लग परत खोचूनही ठेवत असणार. म्हणून तर दोन महिने पत्ता लागला नाही.

बाबांवर तिला रागवता येईना. तो राग पुढच्या पाच मिनिटांत योग्य जागी गेला. ती वर गेली आणि ताटावर बसलेल्या सगळ्यांसमोर तिने जे पाहिलं ते सांगितलं.

भाऊजींनी घास संपवला. "बाबांचं वय झालंय. त्यांना एक शब्द बोलायचा नाही."

"नाही बोलत. फळ्यावरचं माझं नाव पुसा."

"मग कोणाचं लिहू? येणारी-जाणारी गिऱ्हाइकं वाचतात. राहू दे आहे तसं. तुझं नाव असलं काय नि नसलं काय, काय फरक पडतो?"

"अगं, जाऊ दे ना," नवरा म्हणाला.

काय फरक पडतो! धाकटी जिना उतरली. तिने फडकं घेतलं, चार वेळा लिहिलेलं 'धाकटी' खसाखसा पुसलं आणि त्या जागी चार वेळा लिहिलं: बाबा, बाबा, बाबा, बाबा. तिच्या मागोमाग सगळे खाली आले. गलक्याने बाबा उठले, चष्मा चढवून फळ्यासमोर उभे राहिले.

"मी काय केलं?"

"पूस ते आधी," भाऊजी गुरकावले.

"थांब रे. तिला बोलू दे."

"बाबा, जोरात चालू असलेला नळ झटकन बंद केला की पाइप कसा धाडकन वाजतो?" धाकटी म्हणाली. "तसंच हे. मोटरीतली वाहती वीज एकदम तोडली की दाब उसळतो, आणि तो दणका ड्रायव्हरला बसतो. आधी मेन स्विच बंद करायचा, थोडं थांबायचं, मग प्लग."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागे तिचा कागद होता, ठळक अक्षरांतला. बाबांनी तो दोनदा वाचला. मग तिच्या हातातून कॅलेंडर घेतलं, एक पान मागे उलटलं, फळ्याकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे.

"तीन माझे," ते म्हणाले. "हा तिसरा नाही. या तारखेला माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. हे बघ, गोल केलाय. चार दिवस पट्टी बांधून वरच पडून होतो. खाली कोण बसलं होतं?"

थोरली जाऊ, जी या गाळ्यात कधी तोंड उघडत नसे, नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच होतात की. त्या गुणगुणीत फोनवर ऐकू येत नाही, म्हणून वर येऊन बडबडला होतात. म्हणाला होतात, शेवटी मोटर उपटून ठेवली."

भाऊजींचा चेहरा उतरला. ज्याने फळा आणला, ज्याने कागदावर कॅलेंडर लटकवलं, ज्याने चारही वेळा खडू उचलून तिचं नाव लिहिलं, तो माणूस आता छताकडे बघत होता.

"झालं ते झालं," भाऊजी म्हणाले. "आता उगाच—"

"तारीख आहे, बिघाड आहे," बाबांनी तिसऱ्या ओळीतलं आपलं नाव अंगठ्याने पुसलं आणि खडू मुलापुढे धरला. "रकाना भर."

धाकटी यंत्राकडे वळली. तिने मेन स्विच बंद केला. गाळ्यात खडू घासल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. तिने मान वळवून पाहिलं. एरवी फळाभर लिहिणाऱ्या भाऊजींनी स्वतःचं नाव मुंगीएवढं लिहिलं होतं.

"पाट्या करणाऱ्यांचं घर आहे आपलं," ती म्हणाली. "मोठं काढा. वाचता येत नाही."